जुन्या खुर्चीचा जीर्णोद्धार

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्या तोंडीं सदैव असते. पण घरांतील जुनी खुर्ची डुगडुगूं लागली कीं तीच म्हण उच्चारणारे आपण तिला माळ्यावर चढवितों, आणि माळा भरला म्हणजे भंगारवाल्यास हांक मारतों. जुनें व सोनें यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाहीं. केवळ वय झालें म्हणून कोणतीहि वस्तु मोलाची होत नाहीं. ती कोणीं व कशी घडविली, ती कोणाच्या उपयोगीं पडली, आणि मोडल्यावर ती पुनः नीट करितां येईल कीं नाहीं, यांवर तिचें खरें मोल ठरतें. विसाव्या शतकाच्या मध्यास आपल्याच देशांत तयार झालेल्या कांहीं खुर्च्यांचें उदाहरण घेऊन ही गोष्ट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावी, आणि अशा सामानाचा संग्रह व जीर्णोद्धार कसा करावा याची थोडी माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जें घरगुती सामान निर्माण झालें त्यास आज जगभर संग्राहकांकडून मोठी मागणी आहे. तत्पूर्वीं श्रीमंती खुर्ची म्हटली कीं तिच्या पायांस सिंहाचे पंजे, पाठीवर वेलबुट्टी व आसनावर मखमल असावयाची. युद्धोत्तर काळीं घरें लहान झालीं, नोकरचाकर कमी झाले, आणि थोडक्या सामग्रींत पुष्कळांची सोय करण्याची निकड भासूं लागली. नक्षी सर्वस्वीं काढून टाकली तरी खुर्ची सुंदर दिसली पाहिजे, सौंदर्य हें रेषेंत, मापांत व सांध्यांत असतें, असें त्या काळचे कल्पक कारागीर म्हणूं लागले. अमेरिकेंत चार्ल्स व रे ईम्स या दांपत्यानें प्लायवुड साच्यांत दाबून व वांकवून शरीरास जुळणारीं आसनें बनविलीं. डेन्मार्कांत हान्स वेग्नर यांनीं १९४९ सालीं आंखलेल्या एका प्रसिद्ध खुर्चीचें आसन कागदाच्या पिळलेल्या दोरीनें हातानें विणतात, व एका आसनास सुमारें १२० मीटर दोरी लागते. साधेपणा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हें एवढ्यावरून ध्यानांत येईल.

आपल्या देशांत या विचाराचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चंडीगड होय. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, लाहोर पाकिस्तानांत गेलें, आणि भारताच्या वांट्यास आलेल्या पंजाबास राजधानीच उरली नाहीं. तेव्हां शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशीं नवें शहर वसविण्याचें ठरलें. १९५१ सालापासून ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध स्थापत्यकारांनीं त्या शहराची आंखणी हातीं घेतली. त्यांच्यासमवेत मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हें इंग्रज दांपत्य, आणि ल कॉर्बुझिए यांच्याच घराण्यांतील त्यांचे भाऊबंद पिएर जानरे हे आले. ल कॉर्बुझिए अधूनमधून येऊन जात. जानरे मात्र १९६५ सालापर्यंत चंडीगडांतच राहिले. १९६७ सालीं जिनिव्हा येथें त्यांचें देहावसान झालें, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांची रक्षा चंडीगडच्या सुखना तलावांत विसर्जित करण्यांत आली.

शहर बांधून झालें म्हणजे काम संपत नाहीं. कचेऱ्यांत कारकुनांनीं बसावें कशावर, ग्रंथालयांत वाचकांनीं पुस्तक ठेवावें कशावर, हा प्रश्न लगेच पुढें येतो. जानरे यांनीं युली चौधरी प्रभृति भारतीय सहकाऱ्यांच्या साह्यानें हजारों खुर्च्या, मेजें, बांकें व कपाटें यांचे आराखडे सिद्ध केले. परदेशांतून यंत्रें किंवा पोलाद आणण्यास पैसा नव्हता. पण आपलें सागवान, आपला वेत व आपले सुतार हाताशीं होते. त्यांतूनच ती सुप्रसिद्ध खुर्ची जन्मास आली: दोन्ही बाजूंचे पाय भूमितीच्या पेटींतील कंपासाप्रमाणें वर जुळलेले व खालीं फांकलेले, आणि आसन व पाठ विणलेल्या वेताची. सागवान तेलकट असल्यामुळें त्यास वाळवी सहसा लागत नाहीं व पावसाळ्यांत तें फारसें फुगत नाहीं. वेताच्या जाळींतून वारा खेळतो म्हणून उन्हाळ्यांत पाठीस घाम येत नाहीं. आराखडा एक असला तरी खुर्च्या अनेक कारखान्यांत, अनेक हातांनीं तयार झाल्या. त्यामुळें दोन खुर्च्यांच्या मापांत थोडेंबहुत अंतर आढळतें. तो त्यांचा दोष नसून माणसाच्या हाताची खूण होय.

पुढें जें घडलें तें मनास खिन्न करणारें आहे. तीसचाळीस वर्षांच्या वापरानें वेत तुटला, सांधे ढिले झाले, आणि बाजारांत पोलादाच्या व प्लॅस्टिकच्या स्वस्त खुर्च्या आल्या. मग जुन्या खुर्च्या गच्च्यांवर व आवारांत ढीग करून टाकण्यांत आल्या. पाऊसपाण्यांत कांहीं कुजल्या, आणि उरलेल्या ‘निरुपयोगी’ ठरवून सरकारी रीतीप्रमाणें लिलावांत भंगाराच्या भावानें विकल्या गेल्या. परदेशांतील जाणत्या व्यापाऱ्यांनीं त्या विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत एकेका खुर्चीस हजारों डॉलर किंमत येऊं लागली. हा व्यवहार बेकायदा म्हणावा तर तसेंहि नव्हतें. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें अशी वस्तु शंभर वर्षांची झाल्याखेरीज ‘पुरावस्तु’ ठरत नाहीं, आणि या खुर्च्यांस तर पन्नास वर्षेंहि झालीं नव्हतीं. अखेर २०११ सालीं केंद्रीय गृहखात्यानें चंडीगडच्या या वारसा-सामानाची विक्री व निर्यात होऊं नये असा आदेश काढला. २०१६ सालीं चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलाचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. परंतु त्या इमारतींसाठीं मुद्दाम घडविलेल्या कित्येक खुर्च्या तोंवर सातासमुद्रांपलीकडे गेल्या होत्या.

येथें दोष केवळ विकणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा, असें म्हणून आम्हांस स्वस्थ बसतां येत नाहीं. ज्या खुर्चीचा वेत बदलण्यास दोन दिवसांची मजुरी पुरली असती, ती खुर्ची आपण टाकाऊ ठरविली; आणि दुसऱ्यानें तिची किंमत केली तेव्हां ती आपल्यास मौल्यवान वाटूं लागली. आपल्या वस्तूचें मोल कळण्यास परक्याच्या बोलीची वाट पाहावी लागणें, ही गरिबी पैशाची नव्हे. ती दृष्टीची आहे. ही दृष्टि कशी कमवावी तें आतां पाहूं.

संग्रह करणाऱ्यानें पहिली गोष्ट शिकावयाची ती खुर्ची उलटी करून पाहण्याची. वरची बाजू पॉलिशानें नटवितां येते. खालची बाजू सहसा खोटें बोलत नाहीं. पायांचे तळ फरशीवर घासून गुळगुळीत झाले आहेत काय, हात जेथें टेकतात तेथील कडा झिजल्या आहेत काय, स्क्रू जुने आहेत कीं कालपरवां बसविलेले, हें पाहावें. खरी झीज जेथें हात, पाठ व पाय लागतात तेथेंच असते. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती कानशीनें केलेली आहे असें समजावें. चंडीगडच्या खुर्च्यांवर त्या ज्या कचेरीच्या किंवा महाविद्यालयाच्या असत तिचें नांव व क्रमांक रंगानें घातलेले असत. कित्येकांनीं दुरुस्त करितांना ही अक्षरें ‘घाण’ समजून घासून काढलीं. पुढें हींच अक्षरें अस्सलपणाचा पुरावा ठरलीं, आणि लबाड लोक नव्या खुर्च्यांवरहि तशीं अक्षरें काढूं लागले. तात्पर्य, खुर्चीच्या अंगावरील लिखाण हें तिचें चरित्र होय. तें पुसूंहि नये व त्यावर आंधळा विश्वासहि ठेवूं नये.

आतां दुरुस्तीकडे वळूं. खुर्ची डुगडुगते त्याचें कारण बहुधा लांकूड नसून सांधा असतो. चांगल्या खुर्चींत एका लांकडाचें टोंक चौकोनी जिभेसारखें कोरून तें दुसऱ्या लांकडांतील भोकांत घट्ट बसविलेलें असतें. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. वर्षानुवर्षें असें झालें म्हणजे आंतील सरस भुगा होऊन सुटतो. अशा वेळीं बाहेरून खिळा ठोकणें हा सर्वांत सोपा व सर्वांत वाईट उपाय होय. खिळ्यानें लांकूड चिरतें, खिळा गंजतो, आणि पुढच्या कारागिरास सांधा उकलणें अशक्य होतें. योग्य रीत अशी कीं, सांधा हलक्या हातानें उकलावा, जुना सरस खरवडून काढावा, नवा लावावा, आणि वाळेपर्यंत पायांभोंवतीं दोरीचा फांस घालून तो काठीनें पिळून घट्ट ठेवावा. सागवान तेलकट असल्यामुळें सरस लावण्यापूर्वीं सांधा स्पिरिटानें पुसून घेणें इष्ट.

जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा सरस दुहेरी भांड्यांत सुमारें साठ अंश सेंटिग्रेडपर्यंत गरम करून लावितात. त्याचा मोठा गुण असा कीं, गरम पाणी व वाफ लागतांच तो पुनः मऊ होतो. म्हणून शंभर वर्षांनींहि सांधा न मोडतां उकलतो. आजचे कित्येक कृत्रिम गोंद अधिक बळकट असतात हें खरें; पण ते एकदां बसले कीं सहसा सुटत नाहींत. उकलतां येणें हाहि बळकटीइतकाच मोठा गुण आहे, हें मुंबईच्या इराणी हॉटेलांतील वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस पटेल. त्या घराण्याची मूळ खुर्ची मायकेल थोनेट यांनीं व्हिएन्ना येथें १८५९ सालीं तयार केली. वाफेनें मऊ करून वांकविलेले लांकडाचे सहा तुकडे व थोडे स्क्रू, एवढ्यांत ती उभी राहते, आणि सुटी केली असतां अशा छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटींत मावत. जी वस्तु सुटी होते तिचा एक भाग मोडला तर तेवढाच बदलतां येतो; सारी वस्तु टाकावी लागत नाहीं.

वेताचें काम त्याहून नाजूक. वेत म्हणजे जंगलांत झाडांवर चढणारा एक प्रकारचा वेलीसारखा माडच होय. त्याच्या चकचकीत सालीच्या पट्ट्या काढून त्यांनीं आसन विणतात. आसनाच्या चौकटींत भोंकें असतात. त्यांतून प्रथम उभ्या पट्ट्या, मग आडव्या, पुनः उभ्या, पुनः आडव्या, आणि शेवटीं दोन्ही दिशांनीं तिरप्या पट्ट्या ओंवल्या म्हणजे अष्टकोनी दिसणारी परिचित जाळी तयार होते. कांठावर एक पट्टी बसवून भोंकें झांकितात. पट्ट्या पाण्यांत भिजवून विणाव्या लागतात; वाळतांना त्या आकसतात व जाळी ताणली जाते. म्हणून आसन तुटलेलें नसून नुसतें खोल गेलें असेल, तर खालच्या बाजूनें कोमट पाण्यानें भिजवून एक-दोन दिवस सावलींत वाळूं द्यावें. पुष्कळदां तें आपोआप ताठ होतें. इतका स्वस्त उपाय दुसरा नसेल!

वेताची गोष्ट निघाली म्हणून एका उपकाराचें स्मरण करणें आमचें कर्तव्य आहे. आपल्या देशांतील अंधशाळांतून खुर्च्या विणण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आहे. कारण हें काम डोळ्यांपेक्षां बोटांनीं अधिक होतें. मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनीं १९०० सालीं अंधांसाठीं शाळा काढली, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कांहींस ठाऊक असेल. आपण ज्या खुर्चीवर निश्चिंत बसतों तिची जाळी कदाचित् अशा हातांनीं विणलेली असेल, ज्यांच्या धन्यास ती कधींच दिसली नाहीं. प्लॅस्टिकची खुर्ची मोडली म्हणजे कोणासहि काम मिळत नाहीं. वेताची खुर्ची मोडली म्हणजे एका कारागिराच्या घरीं चूल पेटते. दुरुस्ती ही केवळ काटकसर नव्हे, ती शेजारधर्महि आहे.

तिसरी बाब पॉलिशाची. जुन्या सामानावर बहुधा लाखेचें पॉलिश असतें. पळस, बोर इत्यादि झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे किडे राहतात. त्यांच्यापासून मिळणारी लाख शुद्ध करून स्पिरिटांत विरघळवितात, व कापसाच्या पुरचुंडीनें पातळ थरावर थर चढवितात. पॉलिश लाखेचें आहे किंवा नाहीं हें ओळखावयाचें असेल तर खुर्चीच्या तळाशीं, न दिसणाऱ्या जागीं, स्पिरिटांत भिजविलेला बोळा थोडा वेळ टेकवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर तें लाखेचें समजावें. लाखेचा दोष असा कीं, गरम बशी किंवा ओला पेला ठेवला तर तिच्यावर पांढरें वर्तुळ उमटतें. पण तिचा गुण या दोषाहून मोठा आहे: नवा थर जुन्या थरांत विरघळून एकजीव होतो, म्हणून सगळें खरवडल्यावांचून तेवढीच जागा नीट करितां येते. साधा नियम ध्यानांत ठेवावा: डाग पांढरा असेल तर तो बहुधा पॉलिशांत आहे, काळा असेल तर तो लांकडांत उतरला आहे. पहिल्यास थोडक्यांत घालवितां येतें. दुसऱ्यासाठीं जाणत्या कारागिराचा सल्ला घ्यावा.

येथें मुलांस दोन-चार सूचना देणें अवश्य आहे. जवसाच्या तेलांत भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कधींहि ठेवूं नये. तें तेल वाळतांना उष्णता निर्माण होते व चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या. स्पिरिटाजवळ दिवा किंवा शेगडी नसावी. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. तो रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवूं नये. लांकडास बारीक भोंकें असून खालीं ताजी पिठी पडत असेल तर आंत किडा जिवंत आहे असें समजावें, व ती वस्तु इतर सामानापासून दूर ठेवावी. किड्यांचीं औषधें विषारी असतात. तें काम मोठ्यांचें आहे. वस्तुसंग्रहालयांत कित्येकदां औषधाऐवजीं लहान वस्तु शून्याखालीं वीस अंशांच्या थंडींत दोन आठवडे ठेवून किडे मारतात.

हीं सर्व कामें करितांना तीन गोष्टींचें अवधान राखावें. पहिली, आवश्यक तेवढेंच करावें. जीर्णोद्धार म्हणजे जुन्यास नवें करणें नव्हे. जुन्यास उभें राहण्याचें बळ देणें होय. देवळाचा किंवा चर्चचा जीर्णोद्धार करितांना कोणी शिलालेख छिनून काढीत नाहीं. खुर्चीच्या हातावरील झीज, मेजावरचा शाईचा डाग, हे तिचे शिलालेखच आहेत. दुसरी, आपण जें करूं तें पुढच्या माणसास उकलतां यावें. आपल्यापेक्षां अधिक जाणता कारागीर आपल्यामागून येईल अशी नम्रता बाळगावी. तिसरी, केलेलें लिहून ठेवावें. दुरुस्तीपूर्वीचें छायाचित्र, तारीख, काय बदललें, कोणीं बदललें, एवढें एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आसनाखालीं चिकटवावी. लिहून ठेवल्यानें वस्तूचें वय वाढत नाहीं, पण तिची साक्ष खरी राहते.

हें सारें श्रीमंतांचें वेड आहे, असें कोणी म्हणेल. चंडीगडच्या खुर्चीस जी किंमत येते ती ऐकून तसें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आम्ही ज्या संग्रहाची शिफारस करितों त्यास एक दमडीहि लागत नाहीं. तो आपल्या माळ्यावर अगोदरच जमलेला असतो. सुटींत विद्यार्थ्यांनीं घरांतील जुन्या वस्तूंची एक यादी करावी. आजोबांची आरामखुर्ची, आजीचा पाट, पोलादी कपाट, जुना टेबलदिवा, कोणतीहि वस्तु चालेल. ती कोणीं आणली, कोठून आणली, कोणत्या निमित्तानें आणली, हें वडील माणसांस विचारावें. कारण लांकूड टिकतें, पण त्याची हकीकत सांगणारें माणूस नेहमीं टिकत नाहीं. मग त्यांतील एखादी मोडकी वस्तु निवडून, वडिलांच्या व सुतारकाकांच्या देखरेखीखालीं, ती नीट करावी. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, दिवाळीच्या झाडलोटींत एखादें लांकडी सामान बाहेर काढण्यापूर्वीं तें उलटें करून पाहावें व एखाद्या कारागिरास दाखवावें.

हातानें काम करणें कमीपणाचें, अशी समजूत सुशिक्षितांत अद्याप आहे. ज्या शाळेंत पवित्र शास्त्र वाचलें जातें तेथें तरी ती नसावी. कारण प्रभु येशूस नासरेथचे लोक सुतार म्हणूनच ओळखीत. जो मुलगा किंवा मुलगी एकदां तरी ढिला सांधा उकलून, साफ करून, पुनः जुळवील, त्यास कोणतीहि वस्तु मोडली कीं प्रथम ‘टाकून द्या’ असें म्हणवणार नाहीं. ‘हिचें काय बिघडलें आहे?’ असाच प्रश्न त्याच्या मनांत उभा राहील. चंडीगडच्या गच्च्यांवर ज्या दिवशीं तो ढीग पडला त्या दिवशीं असा प्रश्न विचारणारें कोणी हवें होतें. तो प्रश्न विचारणारे हात आमच्या शाळेंतून तयार व्हावे, एवढीच आमची इच्छा आहे.